कुणाचा रे तू?

गावाकडे पारावर बसलेली म्हातारी माणसं समोरून जाणाऱ्या पोराला नाव विचारत नाहीत. ‘कुणाचा रे तू?’ एवढंच विचारतात. पोरानं बापाचं नाव सांगितलं की पुढचं तीच सांगतात. आजा कुठल्या मळ्यातला, आजोळ कुठलं, चुलता पुण्याला कधी गेला. पोरानं फक्त मान हलवायची. हिंजवडीत नोकरीला लागलो तेव्हा हा प्रश्न गावाकडेच राहिला असं मला वाटलं होतं. तिसऱ्याच आठवड्यात तो विचारणारी तिथेही भेटली. ती एक्सेलची फाइल होती.

तिचं पूर्ण नाव रिक्वायरमेंट्स ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स. एवढं नाव कुणी घेत नाही, सगळ्यांची ती आरटीएम. निम्मी टीम ‘तो आरटीएम’ म्हणायची, निम्मी ‘ती’. मी ती म्हणत आलो, कारण शेवटी शीट ती.

अंगानं आडवी. डावीकडे रिक्वायरमेंटचा, म्हणजे क्लायंटच्या मागणीचा, क्रमांक, त्याच्या शेजारी एका ओळीत ती काय मागते ते, ‘सोर्स’, मग डिझाइन डॉक्युमेंटातला परिच्छेद, कोडमधली फाइल आणि फंक्शन, युनिट टेस्ट, सिस्टिम टेस्ट, यूएटी म्हणजे क्लायंटनं करायची टेस्ट, सीआर नंबर म्हणजे बदलाच्या मागणीचा क्रमांक, ‘लेगसी रेफ.’ नावाचा एक कॉलम ज्यात वरपासून खालपर्यंत एन/ए, मग स्टेटस आणि अगदी उजव्या कडेला रिमार्क्स. हेडर निळं, पहिली ओळ फ्रीझ केलेली. लॅपटॉपवर ती एका वेळी सबंध कधीच दिसली नाही. उजवीकडे सरकावं तर डावीकडचं निघून जातं. मीटिंगमध्ये पडद्यावर लावली की मागच्या रांगेतले चष्मे पुसू लागत. फाइलचं नाव ‘आरटीएम फायनल नवीन व्ही ४’ असं काहीतरी. व्ही ५ कुणाच्या तरी डेस्कटॉपवर.

बोलणं मोजकं. तिला येतात दोनच प्रश्न. कोडच्या ओळीकडे, टेस्ट केसकडे बघून विचारते, ‘कुणाचा रे तू?’ आणि रिक्वायरमेंटकडे बघून, ‘तुझं पुढे कोण आहे?’ पहिल्याला बॅकवर्ड ट्रेसेबिलिटी म्हणतात, दुसऱ्याला फॉरवर्ड, आणि दोन्हींची उत्तरं देता आली की ती बायडायरेक्शनल होते. हा शब्द उच्चारताना प्रोजेक्ट मॅनेजर मंडळींचा आवाज अर्धी पट्टी वर जातो.

टीममध्ये बाकीच्यांना ती नवी होती, मला नव्हती. माझे वडील तलाठी. त्यांनी मला सातबारा वाचायला शिकवला तो अक्षरओळख करून द्यावी तसा. हातानं लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर मालकाच्या नावापाशी वर्तुळात एक आकडा असतो. पाहुण्याला तो आकडा म्हणजे शाईचा ठिपका. वडील म्हणत, तो वाच, नाव नंतर. तो फेरफाराचा क्रमांक. तो घेऊन गाव नमुना सहाची वही काढायची, की हे नाव या जमिनीला कसं लागलं ते कळतं. खरेदीनं, वारसानं, वाटणीनं की कर्जाच्या बोजापोटी. फेरफारावर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी असल्याखेरीज सातबाऱ्यावर काही चढत नाही. आणि जे नाव जाई ते खोडत नसत, त्याला कंस करत. कंसातला माणूस आता मालक नसतो, पण एकदा होता हे कागद विसरत नाही.

आरटीएम पहिल्यांदा बघितली तेव्हा मी मनात म्हटलं, हा तर आपला उतारा. सीआर नंबर म्हणजे वर्तुळातला आकडा. मंडळ अधिकाऱ्याच्या जागी क्लायंटचा साइन-ऑफ. आणि रद्द झालेली रिक्वायरमेंट डिलीट करायची नाही, स्टेटसमध्ये ‘विथड्रॉन’ लिहून ओळ तशीच ठेवायची, हा नियम मला समजावून सांगणाऱ्या लीडला मी म्हणालो, ‘म्हणजे कंस करायचा.’ त्याला काही कळलं नाही. तो चेन्नईचा होता.

तिचं घराणं मात्र आपल्याकडचं नाही. १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथे नाटोनं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर परिषद भरवली. सॉफ्टवेअर वेळेत होत नाही, खर्चात बसत नाही आणि झालं तर चालत नाही, ही रड तेव्हापासूनची. तिथे ब्रायन रँडेल यांनी असा विचार मांडला की तयार झालेल्या प्रणालीतच ती घडवताना घेतलेल्या निर्णयांच्या खुणा उमटलेल्या असाव्यात. आरटीएमची पत्रिका करायची तर जन्मवेळ साधारण तीच धरावी लागेल. तिला शिस्त लावली अमेरिकन संरक्षण खात्यानं. १९८८ च्या २१६७-ए या लष्करी मानकानं कंत्राटदारांना बजावलं की प्रत्येक मागणी कुठून आली आणि कुठे गेली ते दाखवा. आयईईईच्या ८३० क्रमांकाच्या मानकात चांगल्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटचे आठ गुण सांगितले होते. ‘ट्रेसेबल’ हा त्यातला आठवा. शेवटच्या बाकावरची ही जागा तिनं पुढेही फारशी सोडली नाही.

भारतात ती आली पिट्सबर्गच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या सीएमएम या कंपन्यांच्या लेव्हल ठरवणाऱ्या मानकाचा हात धरून, १९९० च्या दशकात. परदेशी क्लायंटला आपल्या कोडवर भरवसा नव्हता, पण पिट्सबर्गच्या लेव्हलवर होता. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी लेव्हल फाइव्हचे फलक दारावर लावले, आणि पोरगी सासरी येताना सोबत पाठराखीण यावी तशी ही आली. पुढे त्याच्या वारसात, सीएमएमआयमध्ये, तिच्यासाठी स्वतंत्र कलम झालं, रिक्वायरमेंट्स मॅनेजमेंटमधलं १.४. रिक्वायरमेंटची दोन्ही दिशांची ट्रेसेबिलिटी सांभाळा, असं ते सांगायचं. सांभाळायची म्हणजे काय, एक्सेलमध्ये की आणखी कशात, कुणी आणि कधी, ते प्रत्येकानं आपलं ठरवावं. मानकं असंच बोलतात. घरात वडीलधारे ‘सगळं नीट करा’ म्हणतात आणि देवळात निघून जातात, तसं.

‘कुणी आणि कधी’ हे ठरवण्यासाठी आमच्याकडे एसईपीजी होता, म्हणजे प्रोसेसवाले. ते चित्रं काढत. प्रक्रियेची चित्रं काढायचंसुद्धा एक मानक आहे, ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपचं स्पेम. त्याची दुसरी आवृत्ती २००८ ची. त्यात मुख्य गोष्टी तीन: कोण करतो, काय करतो आणि त्यातून काय निपजतं. आरटीएम तिसऱ्या जातीची, ‘वर्क प्रॉडक्ट’. आमच्या मजल्यावर लिफ्टसमोर असं एक मोठं चित्र लावलेलं होतं. त्यात ती कोपरा दुमडलेल्या कागदाच्या रूपात उभी होती आणि प्रत्येक टप्प्यातून एक बाण तिच्याकडे येत होता. ॲनालिसिस झालं, बाण. डिझाइन झालं, बाण. कोडिंग, टेस्टिंग, पुन्हा बाण. लग्नात नवरीवर अक्षता पडाव्यात तसे सगळीकडून बाण. चित्रात ती रोज थोडी थोडी भरत होती. प्रत्यक्षात ती भरायची ऑडिटच्या आदल्या रात्री.

त्या रात्रींबद्दल लिहिलं नाही तर तिचं चित्र खोटं होईल.

एका परदेशी बँकेच्या कर्जखात्यांचं काम होतं. ४१२ रिक्वायरमेंट. सहा महिन्यांत आरटीएम कुणी उघडलीही नव्हती. असेसर परवा येणार असं सोमवारी दुपारी कळलं आणि संध्याकाळी आम्ही पाच जण तिच्यासमोर बसलो. एकानं टेस्ट केसची यादी काढली, दुसऱ्यानं कोडच्या फाइली, तिसऱ्यानं नावं जुळवायला व्ही-लूकअप लावला. जिथे जुळलं नाही तिथे ‘जवळचं काय दिसतंय ते टाक’ असा हुकूम. रात्री बारापर्यंत सगळा स्टेटस कॉलम हिरवा. पहाटे टपरीवर चहा आणि क्रीमरोल. साक्षीदाराला रात्रभर जबानी पढवून कोर्टात नेताना वकिलाला जो आत्मविश्वास असतो तो आमच्या चेहऱ्यावर होता.

क्वालिटीमध्ये एक वयस्क मॅडम होत्या. पोलिओमुळे एक पाय अधू, पण सगळ्या मजल्यांवर त्या चालतच जायच्या. मंगळवारी सकाळी त्यांनी फाइल उघडली आणि म्हणाल्या, ‘चारशे बारा ओळी एका रात्रीत मोहरल्या वाटतं.’ आम्ही गप्प. त्यांनी एकेक ओळ विचारायला सुरुवात केली. ही टेस्ट कुठली? ती खरंच चालवली? कुणी? दुपारपर्यंत त्यांनी तीस-एक रकाने रिकामे करायला लावले. लीडचा जीव वरखाली होत होता. ‘मॅडम, असेसर विचारेल ना!’ त्या म्हणाल्या, ‘विचारू दे. मी उत्तर देईन. तू भरू नकोस.’ मग दुसऱ्या प्रोजेक्टचं बोलावणं आलं आणि उरलेल्या ओळी तशाच राहिल्या.

बुधवारी असेसर आला. मृदू माणूस, चष्मा कपाळावर. खाली सरकत गेला आणि एका रिकाम्या रकान्यापाशी थांबला. मॅडमनी सांगितलं, व्याजाची पद्धत बँकेनं अजून ठरवलेली नाही, टेस्ट लिहिलेली नाही, हे बघा त्यांना पाठवलेलं पत्र. त्यानं मान डोलावली, पुढे गेला. मग एक हिरवीगार ओळ उचलली. हप्ता चुकल्यास दंड आकारणे. ‘याची टेस्ट दाखवा.’ लीडनं नंबर टाकून टेस्ट केस उघडली. पडद्यावर आलं: पासवर्ड विसरल्यास नवीन पासवर्ड पाठवणे. खोलीत एसीचा आवाज ऐकू येऊ लागला. कुणीतरी म्हणालं, तोही एक प्रकारचा दंडच आहे. असेसर हसला आणि एनसी, म्हणजे नियमभंगाची नोंद, लिहिली.

मला त्या दिवसापासून ती आवडायला लागली, म्हणजे तिचे रिकामे रकाने. वडिलांच्या दप्तरातही असे रकाने असत. वारस नोंद बाकी आहे, भावांत वाद आहे, म्हणून कोरे. बाहेरचा माणूस म्हणायचा तलाठ्यानं काम केलं नाही. वडिलांच्या दृष्टीनं त्या कोऱ्या जागेतच काम होतं.

बाहेरच्या जगात हिच्या एकेका रकान्याची किंमत काय लागली त्याच्या दोन गोष्टी मी नव्या पोरांना सांगत आलो आहे. पहिली जून १९९६ ची. फ्रेंच गयानात कुरू इथून युरोपचं एरियान-५ हे नवं रॉकेट ४ जूनला पहिल्यांदा उडालं आणि ४० सेकंदांच्या आसपास हवेतच फुटलं. गणितज्ञ जाक-लुई लिओन्स यांच्या समितीनं जुलैत अहवाल दिला. रॉकेटची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर जुन्या एरियान-४ वरून घेतलं होतं. त्यात उड्डाणापूर्वी यंत्रणा सरळ रेषेत आणून ठेवणारा एक भाग होता. उड्डाण झाल्यावर त्याचं काम काही नाही. पण एरियान-४ मध्ये तो उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवत, कारण उलटी गिनती अगदी शेवटच्या सेकंदांत थांबवावी लागली तर पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव करायला नको. त्या रॉकेटसाठी ही रास्त मागणी होती. एरियान-५ मध्ये ती मागणीच नव्हती. कोड मात्र आला. नवं रॉकेट जुन्यापेक्षा आडव्या दिशेनं बरंच वेगानं गेलं, ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत बसेना, आणि मुख्य संगणक व राखीव संगणक दोघेही बंद पडले. राखीवमध्येही तेच सॉफ्टवेअर होतं.

त्या ओळीला कुणी विचारायला हवं होतं, कुणाचा रे तू? ती म्हणाली असती, मी एरियान-४ चा. मग इथे काय करतोस? याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. कंस करायचं राहून गेलेलं नाव.

दुसरी गोष्ट उलट्या बाजूची आणि मला जास्त लागते. ३ डिसेंबर १९९९, नासाचं मार्स पोलर लँडर मंगळावर उतरत होतं. उतरताना संपर्क नव्हता आणि नंतरही तो झाला नाही. त्यामुळे खात्रीनं कुणीच काही सांगू शकत नाही, पण चौकशी मंडळानं सर्वांत संभवनीय म्हणून जे कारण दिलं ते असं. यानाला तीन पाय, प्रत्येक पायाला जमीन लागल्याचं सांगणारा सेन्सर. पाय उघडायचे सुमारे १५०० मीटर उंचीवर, आणि उघडताना बसणाऱ्या हिसक्यानं सेन्सरला क्षणभर जमीन लागल्याचा भास होऊ शकत होता. सिस्टिमच्या रिक्वायरमेंटमध्ये लिहिलं होतं की सेन्सर सेकंदाला १०० वेळा वाचायचे, हे वाचन आधीपासूनच चालू ठेवायचं म्हणजे प्रोसेसरवरचा भार एकसारखा राहील. परंतु त्या वाचनाचा वापर मात्र जमिनीच्या अगदी जवळ आल्यावरच सुरू करायचा. सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंटमध्ये शंभर वेळा वाचणं आलं. ‘परंतु’ आला नाही.

बस, एवढंच. वरच्या कागदावरचं अर्धं वाक्य खालच्या कागदावर उतरलं नाही. पाय उघडताना आलेला खोटा निरोप सॉफ्टवेअरनं जपून ठेवला. ४० मीटर उंचीवर सेन्सरचं ऐकायची परवानगी मिळताच ते म्हणालं, अरे, जमीन तर केव्हाच लागली आहे, आणि इंजिनं बंद केली. मंडळाच्या हिशेबानं यान सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगानं आदळलं असणार, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या जवळपास. पायांची चाचणी झाली होती. तीत सेन्सरच्या तारा चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. तारा दुरुस्त झाल्या, चाचणी पुन्हा झाली नाही. आरटीएमच्या भाषेत सांगायचं तर ‘तुझं पुढे कोण?’ या प्रश्नाला एक मागणी निपुत्रिक होती आणि तिच्या शेजारच्या टेस्टच्या रकान्यात हिरवा रंग होता.

त्या अहवालातलं आणखी एक निरीक्षण मला कधी विसरता आलं नाही. वरच्या कागदावरच्या त्या ‘परंतु’चं कारण तिथे दिलेलं नव्हतं. पाय उघडताना खोटा निरोप येऊ शकतो, म्हणून हे, असं कुणी लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर खाली उतरवणाऱ्याचा हात कदाचित थांबला असता.

आणि इथे आरटीएमचं उणं दिसतं. ती बाप सांगते, बापानं असं का केलं ते सांगत नाही. १९९४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या ऑली गोटेल आणि अँथनी फिंकेल्स्टीन यांनी शंभराहून जास्त व्यावसायिकांशी बोलून एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की माग दोन प्रकारचा असतो. रिक्वायरमेंट कागदावर आली की पुढे तिचं काय झालं हा एक, आणि ती कागदावर येण्याआधी कुठून, कुणाच्या डोक्यातून, कुठल्या भांडणातून आली हा दुसरा. सगळी साधनं पहिल्यासाठी आणि बहुतेक अडचणी दुसऱ्यातल्या. आमच्या आरटीएममध्ये ‘सोर्स’ म्हणून कॉलम होता. त्यात काय असायचं? ‘क्लायंट कॉल’. ‘ईमेल’. एका ठिकाणी नुसतं ‘ऑनसाइटनं सांगितलं’. ऑनसाइटवाला तेव्हाच नोकरी सोडून गेला होता आणि ज्यानं त्याला सांगितलं तो बँकेतला गृहस्थ निवृत्त. दर महिन्याच्या तेविसाव्या दिवशी व्याजाची गणना एक दिवस उशिरा का करायची, हे त्या दोघांनाच ठाऊक. आम्ही ती करत राहिलो. टेस्टही पास होत राहिली.

वडिलांच्या वहीत निदान ‘खरेदीनं’, ‘वारसानं’ असं तरी होतं. एक्सेलमध्ये नुसती रेघ. हे ओळखून की काय, २००७ साली आलेल्या सिसएमएल या आकृतिभाषेनं नात्यांना नावं दिली. हा भाग त्या मागणीची पूर्तता करतो, ही टेस्ट तिची पडताळणी करते, ही मागणी त्या दुसरीतून उपजली, ही तिचा खुलासा करते. आणि काहीच धड सांगता येत नसेल तर नुसता ‘ट्रेस’. इंग्रजीत सगळ्या जणी आंटी असतात, आपल्याकडे मावशी वेगळी, आत्या वेगळी, काकू वेगळी, मामी वेगळी, आणि कुणाशी कसं बोलायचं ते त्यावरून ठरतं. मला ही कल्पना एकदम पटली. टीमला शिकवायला गेलो. आठवड्याभरात सगळ्यांनी सगळीकडे ‘ट्रेस’ टाकलं. सगळ्या पुन्हा आंटी.

काही घरांत तिला मान आहे, हे सांगितलं पाहिजे. विमानाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीओ-१७८सी मानकापुढे तिच्याशिवाय पान हलत नाही. तिथे वरची मागणी, तिच्याखालची मागणी, कोड आणि टेस्ट अशी साखळी दोन्ही बाजूंनी दाखवावी लागते, आणि वरच्या कुठल्याच मागणीतून थेट न आलेली जी मागणी असेल तिला ‘डिराइव्ह्ड’ असं वेगळं नाव देऊन ती सुरक्षिततेच्या तपासणीकडे पाठवावी लागते. अनाथ आहे तर निदान नोंद करा, पोलिसांना कळवा, असा तो प्रकार. मोटारींसाठी आयएसओ २६२६२ आहे. पुण्यात मोटारीच्या ब्रेकचं, एअरबॅगचं सॉफ्टवेअर लिहिणारी माझी मित्रमंडळी आहेत. त्यांच्याकडे ती एक्सेलमध्ये राहत नाही, डोअर्ससारख्या महागड्या साधनात राहते. वरची मागणी बदलली की खालच्या लिंकवर तिथे आपोआप संशयाची खूण उमटते. ‘सस्पेक्ट लिंक’ म्हणतात. कुणीतरी जाऊन बघून, हो, अजून नातं आहे, असं सांगेपर्यंत ती खूण जात नाही. मित्र वैतागतो. ‘एका मागणीत स्वल्पविराम बदलला तर दोनशे जण संशयित.’ मी त्याला सांगितलं, आमच्याकडे अख्खं वाक्य बदललं तरी सगळे निर्दोष.

मग अजाइल आलं. प्रदीर्घ कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं, असं २००१ साली युटातल्या एका बर्फाळ रिसॉर्टवर सतरा जणांनी ठरवलं होतं. ते आमच्या मजल्यावर पोचायला दहा-एक वर्षं लागली. लिफ्टसमोरचं चित्र उतरलं, तिथे रंगीत चिठ्ठ्यांचा बोर्ड आला. रिक्वायरमेंटची युजर स्टोरी झाली. आरटीएम आता गेली, असं जाहीर झालं. तिच्या निरोपाला कुणी केकसुद्धा कापला नाही. सहा महिन्यांनी क्लायंटच्या ऑडिटरनं विचारलं, ही स्टोरी कुठल्या टेस्टनं तपासली? मग जिरा नावाच्या साधनात स्टोरीला टेस्ट जोडायची पद्धत आली, कमिटच्या मेसेजमध्ये स्टोरीचा नंबर लिहायची सक्ती आली, आणि महिन्याच्या शेवटी ते सगळं एक्सेलमध्ये ओढून क्लायंटला पाठवायची पद्धतही आली. हेडर निळं. मी बघितल्याबरोबर ओळखलं.

लिऑन ऑस्टरवाइल यांनी १९८७ साली मॉन्टेरेतल्या एका सॉफ्टवेअर परिषदेत मांडलं होतं की सॉफ्टवेअर बनवण्याची प्रक्रिया हेही एक सॉफ्टवेअरच आहे. प्रक्रियांची चित्रं काढायचा सगळा खटाटोप त्या विचाराचा मोठा ऋणी आहे. मला त्यातून एक भलतीच शंका यायची. प्रक्रिया जर सॉफ्टवेअर, तर तिच्याही मागण्या असणार. मग तिच्या एकेका पायरीला ‘कुणाचा रे तू’ विचारणारी आरटीएम कुठे आहे? एसईपीजीतल्या एकाला मी हे जेवताना विचारलं. त्यानं ताकाचा ग्लास खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘तू सध्या बेंचवर आहेस का?’

गेल्या वर्षी एक नवी मुलगी टीममध्ये आली. लातूरकडची, हुशार, सगळं विचारणारी. मी तिच्याकडे आरटीएम सोपवली. ३८७ ओळींची. तासाभरानं ती लॅपटॉप घेऊन आली.

‘सर, हा ‘लेगसी रेफ.’ कॉलम कशाचा?’

मी म्हणालो, बघतो. जुनी टेम्पलेटं उघडली. २००९ पर्यंत मागे गेलो, प्रत्येकात तो होता. त्याआधीच्या आवृत्त्या सर्व्हर बदलला तेव्हा राहून गेल्या होत्या. एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्याला अंधूक आठवत होतं की कुठल्याशा क्लायंटच्या मागण्यांना त्यांच्या जुन्या प्रणालीतले नंबर होते, त्यांच्यासाठी तो घातला होता. कुठला क्लायंट, ते आठवत नव्हतं. तो आता आपल्याकडे नाही एवढं नक्की. कॉलम काढायचा तर टेम्पलेट बदलायचा अर्ज करावा लागतो, अर्जात कॉलम मुळात कशासाठी होता ते लिहावं लागतं.

‘मग काय लिहू, सर?’

‘एन/ए लिही.’

तिनं पहिल्या ओळीत एन/ए लिहिलं, चौकटीच्या कोपऱ्यावर दोनदा टिचकी मारली, आणि ते खालच्या ३८६ ओळींत बिनचूक उतरलं.